बोट सोडू?

आवाज बसलेल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. ज्यांचा आवाज शाबूत आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त आमच्यासमोर मोठ्याने वाचू नये, आम्हाला हेवा वाटतो.

माझ्या घशात डॉक्टरांनी काय केलं, कशाने केलं, ते मला विचारू नका. मला तेव्हा भूल दिली होती. जागेपणी जे झालं तेवढंच सांगतो, आणि त्यात थोडं तिखटमीठ पडलं तर समजून घ्या. मालवणच्या पाण्याचा गुण आहे.

आधी माझा आवाज

गोवा सुटला, आगबोट पुन्हा पणजीपर्यंत जायला लागली, त्यानंतरच्या एका वर्षातली ही गोष्ट. मी मालवण बंदरात बोटीच्या एजंटाकडे कारकून होतो. आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, बसवून तिच्यापर्यंत पोचवावं लागे. मी धक्क्यावर यादी घेऊन उभा राही आणि नावं पुकारी. मी 'परब' म्हटलं की धक्क्यावरचे परब उठत, बाजारातले परब हातातली मासळी टाकून धावत येत आणि समोर सिंधुदुर्ग किल्ल्यात कोणी परब असला तर तो तटावरून हात वर करी. एकदा वेंगुर्ल्याला उतरायचा एक म्हातारा माझा आवाज ऐकून घाबरून मालवणातच उतरला. त्याला वाटलं, कोणीतरी आपल्याला ओरडतं आहे.

शेवटच्या पडावातून मी स्वतः बोटीपर्यंत जाई. कागद वर देई आणि खालून विचारी, "बोट सोडू?" वरचा अधिकारी हात हलवी, भोंगा होई, बोट निघे. ह्याला आमच्या बंदरात बोट सोडणं म्हणत. मग मी घरी येई आणि उंबऱ्यातूनच सांगे, "द्वारका, बोट सोडली गो. वाढ."

पंचवीस वर्षांत ह्या वाक्यात एका अक्षराचा फरक झाला नाही.

द्वारका म्हणजे माझी बायको. माहेर वालावलचं. तिथली खाडी आणि तिथली होडी, एवढंच पाणी तिने लग्नाआधी पाहिलेलं. लग्नानंतर मालवणात आली आणि तिचं सगळं घड्याळ बोटीवर लागलं. बोट येतानाचा भोंगा झाला की भात चुलीवर चढायचा, सुटतानाचा झाला की उतरायचा. बोटीला उशीर झाला की आमच्याकडे भाताला उशीर. पण त्या बोटीत पाऊल म्हणून तिने कधी टाकलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, "तुका बोटीतसून फिरवतंय." त्यानंतर बाळंतपणं आली, माझ्या आईचं आजारपण आलं, मुलीचं लग्न आलं. हजारो माणसांच्या बायका मी हाताला धरून पडावात चढवल्या. माझी तेवढी परसात उभी राहून धूर बघत राहिली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी मनावर घेतलं. दिवाळीनंतरच्या सोमवारची बोट. मालवणहून मुंबई, तिथून उलट थेट पणजी आणि परत मालवण, म्हणजे आठ दिवसांत सगळा किनारा वर-खाली. वरच्या डेकवर केबिन. तिकिटं मीच लिहिली. तिच्या नावापुढे 'सौ.' लिहिताना माझं अक्षर इतकं सुंदर आलं की एजंट म्हणाला, "ह्या कोणी लिवल्यान?"

द्वारकेने अंजिरी रंगाचं लुगडं घेतलं. खटखटे लाडू बांधून डब्यात भरले. बोटीवर मासे मिळतात का, हा प्रश्न तिने मला दिवसातून चार वेळा विचारला.

"अगो, बोट समुद्रातच असता," मी म्हटलं.

"म्हणान काय झाला? वालावलचो भटजी तळ्याकाठाक ऱ्हवता, तो मासे खाता काय?"

घसा

गणपतीच्या आरत्यांनी घसा बसला. आमच्या वाडीत दरवर्षी निम्म्या पुरुषांचा बसतो. मी प्रत्येक घरी जाऊन गातो, म्हणून माझा जरा जास्त बसतो. खडीसाखर, आलं, हळदीचं दूध झालं. ज्येष्ठमध तर मी एवढा चघळला की बाजारातला संपला आणि देवगडहून मागवावा लागला. दसरा आला. बाकीच्यांचे गळे उठले, माझा नाही. धक्क्यावर मी 'सावंत' पुकारलं तर दोन परब आणि एक मयेकर पुढे आले.

इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो. गिळताना दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून मी दोन महिने काढले. तसे काढू नका. घसा तीन आठवड्यांत उठला नाही तर डॉक्टरकडे जा, आणि जाताना बायकोला बरोबर न्या, कारण डॉक्टरने विचारल्यावर आपण 'चार दिवस झाले' म्हणतो आणि खरा आकडा तीच सांगते.

आमच्या गावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून घशात पाहिलं आणि मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. तोपर्यंत बोलायचं बंद. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने जास्त त्रास होतो म्हणाले. द्वारकेने त्याच दिवशी बाजारातून पाटी आणि पेन्सिल आणली. पाटीला भोक होतं, त्यात सुतळी घालून तिने ती माझ्या गळ्यात अडकवली.

मालवणात सुखाचे दिवस आले. पंचवीस वर्षं माझ्या गजाली ऐकून ज्यांचे कान किटले होते ते आता माझ्या शेजारी येऊन बसत आणि आपल्या गजाली सांगत. माझ्याशी सगळे मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, जसा काही मी बहिराही झालो होतो. आमच्या एजंटाने तर कमाल केली. मी पाटीवर लिहिलं, 'आज पडाव किती?' त्याने माझ्या हातातली पाटी घेतली, पुसली, आणि तिच्यावर लिहून दिलं, 'तीन.'

मिरजेचा दिवस

एस.टी.ने फोंडा घाट चढून, कोल्हापूर करून आम्ही मिरजेला पोचलो. डॉक्टर पिकल्या केसांचे, बोलायला मऊ. त्यांनी माझी जीभ फडक्यात धरली आणि लांब दांडीचा छोटासा आरसा घशात घातला. ज्यांना ह्या आरशाची भीती वाटते त्यांना सांगतो, आरसा काही करत नाही. भीती त्यानंतर डॉक्टर गप्प बसतात त्याची असते.

डॉक्टर गप्प बसले. मग त्यांनी माझ्या पाटीवर एक छोटं वर्तुळ काढलं.

"एवढी गाठ आहे," ते म्हणाले. "कशाची, ते काढून तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

मी वर्तुळाखाली लिहिलं, 'वाईट?'

"असेल किंवा नसेल. असली तर आत्ता लहान आहे. दिवाळीनंतरच्या सोमवारी दाखल व्हा, त्याआधी खाट रिकामी नाही."

मी लिहिलं, 'सोमवारी बोट आहे.'

"कुठे निघालात?"

'बायकोला फिरवायला. आठ दिवस.'

डॉक्टरांनी हे वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "माझा सख्खा भाऊ असता तर मी त्याला आणखी आठ दिवस दिले नसते," ते म्हणाले. "आठ दिवसांनंतर मला जागाही लगेच मिळेलच असं नाही. पण तुम्हाला बांधून ठेवायला माझ्याकडे दोरी नाही. तुम्ही ठरवा."

द्वारका बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोनदा पुसूनही पाटीवर वर्तुळाची रेघ दिसत होती.

"ह्या काय?"

'गाठ. बोराएवढी. काढतील.'

"कसली गाठ?"

ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून जो शब्द माझ्या मनात होता तो मी लिहिला नाही. तुमच्याही मनात आला असेल. तो पाटीवर लिहिला असता तर आमच्या घरातली ती पाटी पुन्हा कधी कोरी दिसली नसती. मी लिहिलं, 'आरतीची.'

ती पाटीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. पिशवीतून केळं काढून सोललं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

पाटीवरचं भांडण

सोमवारला नऊ दिवस होते.

माझं म्हणणं सरळ होतं. आधी बोट, मग मिरज. गाठ दोन महिने थांबली तशी आठ दिवस आणखी थांबेल. द्वारकेला मी एवढंच सांगितलं. न सांगितलेलं असं, की मिरजेच्या खाटेवरून मी कसा उठेन, उठेन की नाही, ह्याची मला खात्री नव्हती. पंचवीस वर्षांचा शब्द तोंडात ठेवून टेबलावर झोपायची मला भीती वाटत होती. बोटीवरून परत आलो की काय व्हायचं ते होऊ दे, असं मी ठरवलं होतं.

द्वारकेचं म्हणणं त्याहून सरळ. आधी मिरज.

मुक्या माणसाने बायकोशी भांडू नये. मी चार शब्द लिहीपर्यंत ती चाळीस बोलून घेई. तिची शाळा दुसरीपर्यंत, ती एकेक अक्षर लावून वाची, आणि वाक्य आपल्याला पटण्यासारखं नाही असं दुसऱ्या अक्षराला कळलं की पुढचं तळहाताने पुसून टाकी.

मी लिहिलं, 'देवगडचा दिवा दाखवीन. विजयदुर्ग दाखवीन.'

"दे-व-ग-ड-चो... दिवो खंय पळान जाता?"

'केबिन पुन्हा मिळणार नाही.'

"तुमीच लिवन देतास केबिनी."

मग मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुला बोट नको?'

हे तिने पुसलं नाही. चुलीपुढे बसली होती, तशीच बसून राहिली. "माका बोट व्हयी," ती म्हणाली. "पण बोटीत बसान तुमी बोलतलास ती बोट माका व्हयी. खंयच्या खडपार कोण बुडालो, खंयच्या बंदरात कोणी कोणाक फसयल्यान, तुमचे सगळे खोटे गजाली आयकीत माका जावचा आसा. गळ्यात पाटी अडकवन गप बसलेल्या माणसावांगडा मी समुद्र बघू? तो मी परसातसून बघतंय."

मी पेन्सिल खाली ठेवली. पण हट्टी माणसाला उत्तर लागत नाही. मी अजून बोटीवरच होतो.

कौल

मग मी देवळात गेलो. आमच्याकडे माणसांना जे ठरवता येत नाही ते देवावर घालतात. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली की होय, डावीकडची पडली की नाही. खरं सांगायचं तर मी देवाचं मत घ्यायला गेलो नव्हतो. उद्या काही बरंवाईट झालं तर दोष घ्यायला कोणीतरी जोडीला असावं, म्हणून गेलो होतो.

दुपारची वेळ, देवळात मी आणि बाळा गुरव दोघंच. बाळा म्हणाला, "दादानू, काय इचारूचा ता लिवा."

मी पाटी गळ्यातून काढून मांडीवर घेतली. हात सवयीने चालला. लिहिलं, 'बोट सोडू?'

पंचवीस वर्षं बोटीखाली उभा राहून मी हेच विचारत आलो होतो आणि वरून हात हलला की बोट निघायची. सोमवारची आमची बोट निघू दे का, एवढंच मला विचारायचं होतं.

बाळाने वाचलं, मान हलवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याला मधे मधे जमलेल्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं. जमलेला मी एकटा, आणि मला बोलायची बंदी. त्यामुळे बाळाला दोन्ही कामं करावी लागली.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इलेला आसा म्हाराजा... व्हय म्हाराजा. तेच्या तोंडाक कुलूप पडलेला आसा म्हाराजा... व्हय म्हाराजा. गावाक जरा सुख झालेला आसा, ता वेगळा... व्हय म्हाराजा. तो पाटयेर लिवन इचारता, बोट सोडू काय? तर काय ता तेका सांग म्हाराजा... व्हय म्हाराजा."

उजवी पाकळी पडली. एवढ्या चटकन, की बाळाचा हात अजून मागे आला नव्हता.

मी देवाला साष्टांग नमस्कार घातला. वय विसरून जवळजवळ उड्या मारत घरी आलो. आणि ह्या आनंदात पाटी देवळात राहिली.

पाटी घरी येते

मी ओटीवर बसलो होतो. द्वारकेला कौल कसा सांगायचा ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात बाळा गुरव माझ्या पाटीसह अंगणात.

"वयनी, दादांची पाटी ऱ्हवली थंय. आणि देवान उजवो कौल दिल्यान, बरा झाला."

"कसलो कौल?" द्वारका हात पुसत बाहेर आली.

"ता पाटयेर आसा. मी वाचूचो नाय, दादा वाचतले," म्हणून बाळा हसला, कारण दादा मोठ्याने वाचूच शकत नव्हते. पाटी तिच्या हातात देऊन तो गेला.

तिने अक्षरं लावली. "बो-ट... सो-डू."

मग पुन्हा एकदा, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून.

मी उठून उभा राहिलो. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला कळलं की तिने काय वाचलं. सोडू, म्हणजे सोडून देऊ. बोट राहू दे. नवऱ्याने हट्ट सोडला, देवाला विचारलं, आणि देवानेही होय म्हटलं.

मी हात हलवले. डोकं हलवलं. पाटीकडे बोट दाखवलं. पाटी तिच्या हातात, तिने ती छातीशी धरलेली. माझा आवाज गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत अडकलेला. जन्मात पहिल्यांदाच मला खरं बोलायची निकड होती, आणि तेव्हाच तोंड बंद.

"देवाक इचारलास," ती म्हणाली, "माका सांगलास नाय." डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. आत जाऊन पाटी धुतली, फळीवर ठेवली. खिडकीतून मला दिसत होतं. तिने ट्रंक उघडली, अंजिरी लुगडं काढलं, घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि तळाशी ठेवलं. त्याच्यावर माझे दोन सदरे आणि टॉवेल ठेवले, मिरजेला न्यायचे. हे करताना ती कसलंतरी गाणं गुणगुणत होती. मिरजेहून आल्यापासून मी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

ती विहिरीवर गेली तेव्हा मी फळीवरची पाटी घेतली आणि लिहिलं, 'सोडू म्हणजे'. तिथे हात थांबला. घागर भरल्याचा आवाज आला. मी ते पुसून टाकलं आणि पाटी जागेवर ठेवली.

ह्याबद्दल मला कोणी शहाणा म्हणू नये. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आतून मला मिरजेलाच जायचं होतं आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. आजारी माणसाला हे सांगून ठेवतो, कारण पुस्तकांत कोणी लिहीत नाही. जिवाची भीती वाटते म्हणून आपण काहीतरी मोठं धाडस करायला निघतो. त्या धाडसातून बाहेर पडायला कोणी दार उघडलं तर जा. दार चुकून उघडलेलं असलं तरी जा.

दुसऱ्या दिवशी मी आमची तिकिटं स्वतःच्या हाताने रद्द केली. रद्द करायच्या वहीत 'कारण' असं एक सदर असतं. पंचवीस वर्षं मी त्या सदरात लोकांच्या थापा लिहून घेतल्या. एका देवबागकराची आजी त्या वहीत चार वेळा मेली आहे. माझ्या नावापुढे मी लिहिलं, 'देवाची आज्ञा.' एजंटाने वाचलं आणि म्हणाला, "तुझ्याकडसून ह्याच्यापेक्षा बरी थाप अपेक्षित होती."

मिरजेची खाट

दवाखान्याचं सांगण्यासारखं थोडंच आहे. पहाटे सहाला उठवतात. कशाला, ते कोणालाच माहीत नसतं. चहा, ताप बघणं, झाडू, डॉक्टरांची फेरी. फेरीच्या आधी वॉर्डातली सगळी माणसं केस विंचरून बसतात, लग्नाला दाखवायला बसल्यासारखी.

माझ्या शेजारच्या खाटेवर तासगावकडचे एक आण्णा होते. पाय मोडलेला. त्यांनी मला जन्माचा मुका ठरवलं आणि आठ दिवसांत आपल्या भावकीची सगळी कुलंगडी मला सांगून टाकली. बाहेर फुटायची भीती नाही म्हणून. मला जन्मभर पुरतील एवढ्या गजाली तिथे मिळाल्या. पुढे माझा आवाज थोडा परतल्यावर मी त्यांना 'येतो आण्णा' म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला.

द्वारका रोज गावात एका ओळखीच्या खोलीवरून पेज करून आणी. उकड्या तांदळाची पेज, मिरजेत. तांदूळ तिने घरून आणले होते. पहिल्या दिवशी पेज दुपारी दोनला आली.

"उशीर झालो," ती म्हणाली. "हयसर भोंगो खंय होता? कधी चढवू, कधी उतरू, काय कळना नाय."

ऑपरेशनच्या सकाळी मी पाटीवर तिच्यासाठी काहीतरी लिहायला घेतलं. 'सोडू' ह्या शब्दाबद्दल सगळं खरं सांगून टाकावं असं मनात होतं. सिस्टर आली, पाटी बाजूला ठेवली, गाडीवर घेतलं. गाडी हलताना द्वारका माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आली. दाराशी ती वाकली आणि म्हणाली, "येवा हां." बाजाराला निघालेल्या माणसाला म्हणतात तसं. ह्यापेक्षा मोठा धीर मला कोणत्याही औषधाने दिला नाही.

निकाल यायला आठवडा लागला. तो आठवडा मी लिहीत नाही. ज्याने काढला आहे त्याला ठाऊक आहे, आणि ज्याला काढायचा आहे त्याला सांगून उपयोग नाही. एवढंच, की त्या आठवड्यात द्वारका एकदाही 'काय होवचा नाय' म्हणाली नाही. ती पिशवी घेऊन बसायची, आण्णांशी ऊस आणि नारळ ह्यांतलं जास्त त्रासाचं कोणतं ह्यावर वाद घालायची, आणि माझ्या पायावर हात ठेवायची.

डॉक्टर कागद घेऊन आले. "वाईट व्हायच्या वाटेवर होती," ते म्हणाले. "वाटेतच पकडली. वेळेवर आलात."

मी द्वारकेकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडे पाहत होती. मग तिने तो शब्द, जो मी कधी लिहिला नव्हता, अगदी साध्या आवाजात उच्चारला आणि विचारलं, "तो नाय मां मगे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे तिला त्या केळ्याच्या दिवसापासून माहीत होतं.

बोट

आवाज परत आला तो असा, खापरीने पत्रा घासावा तसा. धक्क्यावर आता दुसरा माणूस नावं पुकारतो. बरा आहे. त्याचा आवाज किल्ल्यापर्यंत जात नाही.

पुढच्या हंगामात डॉक्टरांनी तपासून 'आता कुठेही फिरा' म्हटलं आणि मी पुन्हा तिकिटं लिहिली. तीच केबिन, तोच फेरा. अंजिरी लुगड्याला ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास लागला होता. पडावात चढताना तिने माझा हात धरला नाही. वर पोचल्यावर कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि आधी आमच्या घराची कौलं शोधली.

भोंगा झाला तसा तिचा हात आपोआप पदराकडे गेला, भाताचं भांडं धरायला. मग तिचं तिलाच हसू आलं. "शेजारणीक सांगान इलंय," ती म्हणाली, "आज भोंगो आयकान तू तुझो भात उतर."

बोट हलली. आणि पंचवीस वर्षं दुनियेची बोट सोडणारा मी, किल्ला मागे पडायच्या आत कठड्यावर वाकून सकाळची पेज समुद्राला देऊन मोकळा झालो. द्वारकेने माझी पाठ चोळली, लिंबू दिलं. ती स्वतः वालावलच्या होडीत बसावी तशी बसली होती, खटखटे लाडू खात.

देवगड यायच्या सुमाराला मला बरं वाटलं. मी माझ्या पत्र्याच्या आवाजात गजाली सुरू केल्या. कोणत्या खडकावर कोणाचं गलबत फुटलं, आणि त्यातून वाहून गेलेला आंबा विजयदुर्गाला कसा रुजला. ती सगळं खरं मानून ऐकत होती. मला वाटलं, आता सांगून टाकावं.

"द्वारका," मी म्हटलं, "त्या दिवसा देवळात मी जा पाटयेर लिवलंय, तेचो अर्थ..."

"आपणाक घेवन बोट निघांदे, असो होतो," ती म्हणाली.

मी हातातलं लिंबू पुन्हा हुंगलं.

"पंचवीस वर्सां रोज उंबऱ्यात उभे ऱ्हवान सांगतास, बोट सोडली गो, वाढ. बोट सोडली म्हंजे गेली, ह्या माका कळना नाय? त्याच भोंग्यार मी भात उतरलंय."

"मगे तेव्हा बोललंस नाय कित्या?"

तिने डब्यातला शेवटचा लाडू माझ्या हातात ठेवला आणि देवगडच्या दिव्याकडे बघत म्हणाली, "तुमी देवाक इचारलास, बोट सोडू काय. देव म्हणालो, सोड. आता सोडूचा म्हंजे काय, ता ठरवचा देवान माझ्यार सोडल्यान."

मी घशाकडे हात नेला, डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हटल्याची खूण केली, आणि लाडू खाऊ लागलो.